बावन्नातून अठ्ठावीस

गेल्या जुलैत आबा, म्हणजे माझे सासरे, सोलापूरहून चेन्नईला महिनाभर राहायला आले. सोलापुरात त्यांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. त्यामुळे नातीचं गणित तपासणं हा आपला हक्कच आहे, असं ते धरून चालतात. तिसरीतल्या नातीची वही उघडली आणि पहिल्याच पानावर त्यांचं बोट थांबलं. ५२ मधून २८ वजा करायचे होते. उभी मांडणी नव्हती, हातचा नव्हता. एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन उड्या: २८ वरून ३०, ३० वरून ५०, ५० वरून ५२. उड्यांच्या डोक्यावर २, २० आणि २. उत्तर २४.

“उत्तर बरोबर आहे, पण वजाबाकी कुठाय?” आबांनी विचारलं आणि स्वतः करून दाखवली. “दोनातून आठ जात नाहीत. हातचा एक घेतला, बारा झाले. बारातून आठ गेले, चार उरले. हातचा खाली दोनात मिळवला, तीन झाले. पाचातून तीन गेले, दोन. चोवीस.”

नवरा मध्ये पडला. “आबा, हातचा खाली नाही द्यायचा. पाच दशकांतला एक सुटा करायचा, वर चार राहतात. चारातून दोन गेले, दोन.”

एकच वजाबाकी तीन प्रकारे झाली, तिन्ही वेळा २४ आले आणि तरी वाद मिटेना. लेकीला मात्र एवढंच कळलं की आपलं काहीतरी चुकलंय.

असा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल, किंवा शाळेच्या नव्या पुस्तकासोबत घडेल. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपण ‘जुनी पद्धत’ म्हणतो ती एकच एक नाही. आबांची रीत आणि त्यांच्या मुलाची रीत वेगळी आहे आणि दोघांनाही आपलीच ‘नेहमीची’ वाटते. नवऱ्याची रीत दशक मोडते. आबांची रीत वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही संख्यांना दहा-दहा देते. आजोबा आणि नात यांच्या वयातला फरक दहा वर्षांनंतरही तेवढाच राहतो ना? तेच तत्त्व. आबांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना फक्त ‘हातचा खाली’ एवढंच सांगितलं होतं.

भांडण आजचं नाही

मुलांना आकडे शिकवावेत कसे, यावर चेन्नईत निदान सव्वादोनशे वर्षं प्रयोग चालले आहेत. एग्मोरच्या अनाथ मुलांच्या लष्करी शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी इथली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही व्यवस्थाही त्यांनी बसवली. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडात पोचली. त्याही आधीपासून तमिळ गावांत ओसरीवरच्या, म्हणजे ‘तिण्णै’ शाळांत मुलं ‘एण्सुवडी’ हे कोष्टकांचं पुस्तक पाठ करत. त्यात अपूर्णांक थेट ‘मुंदिरि’पर्यंत, म्हणजे एकाच्या तीनशेविसाव्या भागापर्यंत जात. आपल्या पावकी-निमकीच्या पाढ्यांचंच हे भावंड.

अलीकडचा मोठा बदल २००३ चा. महापालिकेचे तेव्हाचे आयुक्त एम. पी. विजयकुमार यांनी ऋषी व्हॅली या शाळेच्या धर्तीवर चेन्नईच्या शाळांत कृतीवर आधारित शिक्षण सुरू केलं. भिंतीवरचे फळे मुलांच्या उंचीला आले, मुलं गटांत जमिनीवर बसू लागली आणि प्रत्येक मूल कार्डांच्या ‘शिडी’वरून आपापल्या गतीने चढू लागलं. काही वर्षांत ही पद्धत राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. जून २०२२ मध्ये तामिळनाडूने पहिली ते तिसरीसाठी ‘एण्णुम एळुत्तुम’ म्हणजे ‘अंक आणि अक्षर’ ही मोहीम आणली. तिच्यात मुलं अरुंबु, मोट्टु आणि मलर अशा गटांत बसतात. कळी, उमलती कळी, फूल. इयत्ता कुठलीही असो, मूल जिथे आहे तिथून सुरुवात.

महाराष्ट्रातलं भांडण तुम्हाला आठवत असेल. जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणि ‘सत्तेचाळीस’च्या जोडीला ‘चाळीस सात’ आलं. भाषा बुडाली म्हणून गदारोळ झाला, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या ‘वीस’वर कोट्याही झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत. जोडाक्षरांनी भरलेली नावं आणि लिहिण्याच्या उलट बोलणं लहान मुलांना अडवतं, म्हणून सोपं नावही सोबत दिलं आहे. नॉर्वेतही पूर्वी लोक ‘सात आणि चाळीस’ म्हणत. टेलिफोनचे नंबर ऐकताना चुका होतात, या तक्रारीवरून तिथे १९५१ साली सरकारी निर्णयाने ‘चाळीस-सात’ झालं. तरी म्हातारी माणसं बरीच वर्षं जुनंच बोलत राहिली आणि देशाचं काही बिघडलं नाही.

सगळीकडे दोन बाजू सारख्याच दिसतात. एक म्हणते, पाढे पाठ करा, समज मागून येईल. दुसरी म्हणते, आधी समजू द्या, वेग मागून येईल. पालकांनी यातली बाजू निवडायची गरज नाही. शाळा जे देत नाही, ते घराने द्यायचं. शाळा नुसतं घोकून घेत असेल तर घरी चिंचोके काढा. शाळा सारखे खेळ आणि उड्या घेत असेल तर घरी पाढे म्हणा.

आधी मूल कुठे आहे ते बघा

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलांच्या गणिताची पाहणी चार पायऱ्यांनी होते: १ ते ९ ओळखणं, ११ ते ९९ ओळखणं, दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. एका कागदावर हे घरी सहज करता येतं. त्यात दोन गोष्टी माझ्या पदरच्या घाला. संख्या बोलून लिहायला सांगा, आणि वजाबाकी एकदा कागदावर व एकदा दुकानातली म्हणून तोंडी विचारा: “बावन्न रुपये होते, अठ्ठावीसची भाजी घेतली, किती उरले?”

मग मूल कुठे अडतं ते दिसेल. साधारण तीन जागा असतात.

पहिली: ‘सत्तेचाळीस’ म्हटल्यावर ७४ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही. नाव ऐकताना सात आधी येतो, तो आधी लिहिला.

दुसरी: उभी वजाबाकी बिनचूक येते, पण भाजीचा हिशेब विचारला की गप्प. किंवा नेमकं उलटं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीला बसणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांना गणितं घातली. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलं गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब मनातल्या मनात करत होती, पण तशीच आकडेमोड पुस्तकी रूपात समोर आली की अडखळत होती. शाळेतल्या मुलांचं नेमकं याच्या उलट. बाजारातलं गणित आणि वहीतलं गणित एकाच डोक्यात शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

तिसरी: मुलाला सगळं कळतं, पण ८ आणि ५ ची बेरीजही एकापासून बोटं मोजून करतं. दमतं, आणि पुढचं गणित सोडून देतं.

उपाय जागेप्रमाणे वेगळा.

नावात अडकलं तर: भाजीवालीचं ऐका

चेन्नईत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या कानावर एक सोय फुकट पडते. २००६ च्या कायद्यानंतर इथे शाळेत तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, आणि बाजारात तर ते आहेच. सत्तेचाळीसला भाजीवाली म्हणते ‘नाप्पत्ति एळु’: चाळीस-सात. चौऱ्याहत्तरला ‘एळुबत्ति नालु’: सत्तर-चार. जे लिहायचं तेच, त्याच क्रमाने. २०१९ मध्ये महाराष्ट्र ज्यावरून भांडला, ते मैलापूरच्या मंडईत दिवसभर ऐकू येतं.

म्हणून हे करा. रोज पाच संख्या घ्या आणि प्रत्येक तीन वेळा म्हणा: सत्तेचाळीस, चाळीस आणि सात, नाप्पत्ति एळु. मग लिहायला सांगा. मराठी नाव बाजूला टाकू नका, ते उलगडून दाखवा. ‘सत्ते’ म्हणजे सात, ‘चाळीस’ म्हणजे चाळीस. ‘एकोणपन्नास’ म्हणजे पन्नासला एक कमी. मुलांना हे कोडं सोडवल्यासारखं वाटतं. तमिळही फार सरळ आहे असं समजू नये. नव्वदला ‘तोण्णूरु’ म्हणतात आणि त्यात शंभरचा ‘नूरु’ डोकावतो. नऊशेला ‘तोळ्ळायिरम’, त्यात हजारचा ‘आयिरम’. प्रत्येक भाषेत कुठेतरी गाठ आहे, हे मुलाला कळलं की आपलीच भाषा अवघड आहे हा समज जातो.

अपूर्णांकांतही तसंच. आपलं ‘दीड’ आपलं पोट उघडून दाखवत नाही. इथलं ‘ओन्नरै’ उघड सांगतं: ओन्नु आणि अरै, एक आणि अर्धा. भाजी घेताना काल किलो, अरै किलो, मुक्काल किलो हे शब्द मुलाकडून म्हणवून घ्या. पाव, अर्धा, पाऊण आपोआप बसतात.

अर्थात अडकलं तर: हीर आणि ठिपके

महागड्या किटची गरज नाही. खराट्याचे हीर घ्या, सारख्या लांबीचे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्यांना रबर लावा. बावन्न म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुटे. आता म्हणा, “अठ्ठावीस दे.” मूल दोन जुड्या देईल आणि आठ सुट्यांसाठी थांबेल. काही बोलू नका. ते स्वतःच एका जुडीचं रबर काढेल. तो रबर काढण्याचा क्षण म्हणजेच ‘पाचाचे चार झाले’. त्यानंतर वहीत पाचावर काट मारली की ती काट कशाची, हे त्याला ठाऊक असतं.

क्रम पाळा: आधी हातात वस्तू, मग तोंडाने वर्णन, मग चित्र, आणि शेवटी चिन्ह. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही लहान मुलांच्या गणितासाठी हीच वाट सांगितली आहे. मोठ्यांची चूक अशी की आपण थेट चौथ्या पायरीवर उभे राहून हाका मारतो.

गुणाकारासाठी इथलं कोलम घ्या, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोलमच्या नक्षीवर गणिती संशोधन केलं. आपल्याला त्यातले नुसते ठिपके पुरतात. चार ओळी, प्रत्येकीत सहा ठिपके. मोजा, चोवीस. आता मुलाला बाजूच्या भिंतीशी उभं करा. तेच ठिपके आता सहा ओळींत चार-चार दिसतात. सहा चोक आणि चार सक एकच, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं की पाठ करायचे पाढे जवळजवळ निम्मे होतात. पावसाळी दुपारी ‘पल्लांगुळी’ खेळा. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी आणि मूठभर चिंचोके, मोजणी आणि वाटणी दोन्ही होतात.

वेगात अडकलं तर: परवचा परत आणा

पाठांतराची आता लाज वाटण्याची पाळी आली आहे, तसं नको. समजलेली गोष्ट पाठ केली तर डोकं मोकळं राहतं. भागाकार करताना सात अठ्ठे किती हेच शोधत बसलं, तर मूल भागाकार विसरून जातं. आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा व्हायचा. तो पाच मिनिटांचा करून परत आणा. रोज पाच मिनिटं, रविवारी पाऊण तास नाही.

पाढे ओळीने न घेता नात्याने घ्या. आधी दोन, दहा आणि पाच. मग चार, कारण तो दोनाची दुप्पट. मग आठ, चाराची दुप्पट. तीन आणि त्याच्या दुपटीने सहा. नवाचा पाढा दहाच्या पाढ्यातून एकेक पट कमी करून. शेवटी साताचं थोडंच उरतं. सात अठ्ठे विसरलं तर “सात चोक अठ्ठावीस, त्याची दुप्पट छप्पन्न” ही वाट हाताशी असते. पाठ झाल्यावर उलटसुलट विचारा. घड्याळ लावून विचारू नका, धास्तावलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही.

चेन्नईतल्या मराठी घरांचा एक खास प्रश्न: पाढे मराठीत की इंग्रजीत? पाढा ज्या भाषेत पाठ होतो, त्याच भाषेत तो चटकन आठवतो. म्हणून एक भाषा पक्की करा. शाळेचं माध्यम इंग्रजी असेल आणि घरी रोज वेळ मिळत नसेल तर मन घट्ट करून इंग्रजीच. मराठीत परवचा रोज होणार असेल तर ‘बे एके बे’ला तोड नाही, त्याची चालच पाठ करून घेते. दोन्हींत अर्धवट ठेवणं सगळ्यात वाईट.

ॲबॅकस लावावा का?

हा प्रश्न चेन्नईत चुकत नाही. भारतभर वर्ग चालवणाऱ्या काही मोठ्या ॲबॅकस संस्थांची मुख्यालयं याच शहरात आहेत. वडोदऱ्याच्या एका शाळेत तीन वर्षं झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मनातल्या मण्यांनी मुलांची आकडेमोड सुधारली, पण स्मरणशक्ती किंवा एकूण बुद्धी वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा मुलाला मणी आवडत असतील तर जरूर लावा, आकडेमोडीसाठी लावा. ‘मेंदूचा विकास’ या जाहिरातीवर फी भरू नका. आणि ज्याला दशक म्हणजे काय हेच अजून कळलेलं नाही, त्याच्यासाठी आधी खराट्याचे हीर.

शाळेशी बोलताना

वहीत अनोळखी रीत दिसली तर तिच्यावर फुली मारू नका. मुलाला म्हणा, “मला शिकव.” ते समजावू शकलं तर त्याला कळलं आहे. अडखळलं तर कुठे, ते तुम्हाला कळेल. शिक्षिकांना “हे कसलं नवीन खूळ?” असं विचारण्याऐवजी तीन प्रश्न विचारा: ही पद्धत कुठवर वापरणार? उभी मांडणी कधी येणार? पाढे वर्गात होतात का? या उत्तरांवरून घराच्या वाट्याला काय आलं ते ठरतं. आपली रीत दाखवायची असेल तर मुलाची रीत पक्की झाल्यावर, “आबा असं करायचे” म्हणून दाखवा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुळीच नाही.

आमच्या घरचा वाद मात्र टेबलावर मिटला नाही. आबा परत जायच्या आधी नातीला घेऊन मैलापूरला भाजीला गेले. सत्तेचाळीस रुपये झाले, आबांनी शंभरची नोट दिली. भाजीवालीने काही मांडलं नाही, हातचा घेतला नाही. आबांच्या तळहातावर तीन रुपये ठेवले आणि म्हणाली, “अंबदु.” वर पन्नासची नोट ठेवली: “नूरु.”

“आबा, या तर माझ्या उड्या!” नात ओरडली. “सत्तेचाळीसवरून पन्नास, पन्नासवरून शंभर!”

घरी येईपर्यंत आबा गप्प होते. मग चहा घेताना म्हणाले, “दुकानात चाळीस वर्षं मी असेच पैसे परत दिले. ती वजाबाकी आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही.”

थोड्या वेळाने त्यांनी नातीची वही ओढली, पेन्सिलीला टोक काढलं आणि म्हणाले, “घाल बरं मला एक गणित. रेघेवरचं.”